दोन डोळ्यांची आधाररेषा

दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेला दीड महिना अवकाश होता. या मधल्या काळात एका डोळ्याला लख्ख आणि दुसऱ्याला धुरकट, असे दिसत असे. तशी तक्रार करण्यासारखे काही नव्हते. वर्तमानपत्र वाचता येई, समोरून येणारा माणूस ओळखू येई. परंतु घरातल्या अगदी साध्या कामांत माझी फजिती होऊ लागली. बशीत ओतायला घेतलेला चहा बशीच्या अलीकडेच सांडे. किल्ली कुलपाच्या भोकापुढे चाचपडे. जिना संपला असे समजून पाऊल टाकावे, तो पायाखाली आणखी एक पायरी निघे. सौभाग्यवतींनी त्याचे खापर वयावर फोडले. मला मात्र चाळीस वर्षांपूर्वी ऐकलेले एक वाक्य आठवले आणि त्याचा अर्थ त्या दीड महिन्यात उलगडत गेला.

माझी सारी नोकरी मध्य प्रदेश शासनाच्या भू-अभिलेख विभागात झाली. सुरुवातीच्या वर्षांत कन्हान नदीच्या काठच्या एका गावी आम्ही शेतांच्या सीमांकनाला गेलो होतो. आमच्या सोबत एक वयस्कर चेनमन होते. सगळे त्यांना काका म्हणत. लहानपणी वावरात पळताना तुरीची खुंटी लागून त्यांचा डावा डोळा गेला होता. जरीब टाकण्यापूर्वी दूरच्या चांद्याकडे पाहून अंतर सांगण्याची त्यांना सवय होती. ते उभे राहत, मान डावीकडे नेत, मग उजवीकडे नेत, कधी चार पावले आडवी चालून पुन्हा पाहत आणि म्हणत, “साडेचार जरीब.” आम्ही मोजत असू, फरक निघालाच तर थोडाच निघे. दोन धडधाकट डोळ्यांच्या आम्हा तरुणांचे अंदाज मात्र हमखास चुकत. एकदा मी त्यांना विचारले, “काका, एका डोळ्याने एवढे कसे जमते?” ते हसून म्हणाले, “साहेब, डोया एकच असला त डोकसं दोन जागी न्यावं लागते.”

मी नेत्रतज्ज्ञ नाही आणि वैज्ञानिकही नाही. जमीन मोजणाऱ्या खात्यातला एक निवृत्त माणूस आहे. परंतु काकांचे ते वाक्य धरून मी थोडे वाचन केले, तेव्हा ध्यानात आले की विद्वानांनी हजारो वर्षे ज्यावर वाद घातला, त्या प्रश्नाच्या मर्मावरच त्यांनी बोट ठेवले होते. तो प्रश्न असा : अंतर आपल्याला दिसते, की आपण ते मोजतो?

प्रश्न वरवर वाटतो तितका पोरकट नाही. डोळ्याच्या मागच्या बाजूस दृष्टिपटल नावाचा एक पातळ पडदा असतो. बाहेरच्या जगाची प्रतिमा त्याच्यावर पडते. पडद्याला लांबी आहे, रुंदी आहे, खोली नाही. हातावरचा खडा आणि शेताच्या धुऱ्यावरचा धोंडा या पडद्यावर अगदी सारख्या आकाराचे उमटू शकतात. मग खडा जवळ आहे आणि धोंडा दूर आहे, हे आपल्याला कोणी सांगितले?

आपल्या भाषेनेही अंतराचे काम फारसे डोळ्यावर सोपवलेले दिसत नाही. ‘कोस’ हा शब्द संस्कृत ‘क्रोश’ यापासून आला आणि क्रोश म्हणजे आरोळी. ‘हाकेच्या अंतरावर’ हा वाक्प्रचार तर आजही आपण रोज वापरतो. अंतर कानाने मोजावे, पायाने मोजावे. नजरेला मात्र केवळ ‘टप्पा’ दिला. त्या टप्प्यात काय जवळ आणि काय दूर, हे कोडे तत्त्वज्ञांसाठी राहिले.

आपल्याकडील नैयायिकांचे मत असे होते की डोळा हा तेजापासून बनलेले इंद्रिय असून त्याचा किरण बाहेर पडतो, वस्तूला जाऊन भिडतो, तेव्हा ती दिसते. ग्रीसमध्ये युक्लिडनेही इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास डोळ्यातून निघणाऱ्या किरणांचीच भूमिती मांडली. बौद्ध आचार्य दिङ्नागाने या मतावर जो आक्षेप घेतला, तो आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : डोळा जर वस्तूला चिकटून ती जाणत असेल, तर ती आपल्यापासून अंतरावर आहे असे आपल्याला कधीच जाणवले नसते. जीभ चव घेते तेव्हा पदार्थ जिभेवरच असतो. तो दूर आहे असे वाटत नाही. डोळ्याचे तसे नाही. शिवाय एवढासा डोळा पर्वताला भिडणार तरी कसा? याच वादात फांदी आणि चंद्र यांचे उदाहरण येते. झाडाची फांदी आणि तिच्याआडचा चंद्र आपल्याला एकदमच दिसतात. किरणाला प्रवास करावा लागत असता, तर फांदी आधी आणि चंद्र मागाहून दिसायला हवा होता. यावर उद्द्योतकर या नैयायिकाने तितकेच चतुर उत्तर दिले. कमळाच्या शंभर पाकळ्यांची चळत सुईने एकदम भेदल्यासारखी वाटते, परंतु सुई एकामागून एकच पाकळी भेदीत जाते. तसेच हेही आहे, असे तो म्हणाला. वाद कोणी जिंकला हा मुद्दा नाही. ‘अंतराने जाणणे’ ही एक वेगळी आणि स्पष्टीकरण मागणारी गोष्ट आहे, हे आपल्या पूर्वजांनी दीड हजार वर्षांपूर्वी ओळखले होते.

डोळ्यातून काही बाहेर जात नाही, प्रकाश बाहेरून आत येतो, हे पद्धतशीर मांडण्याचे श्रेय बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत वास्तव्य केलेल्या इब्न अल-हैथम या पंडिताकडे जाते. तो अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेला. अंतराबाबत त्याने एक अत्यंत व्यवहारी गोष्ट सांगितली. आपण आणि दूरची वस्तू यांच्यामधली जमीन सलग दिसत असेल, तरच अंतराचा अंदाज बरोबर येतो. मधला भाग झाकला गेला की अंदाज चुकतो. कापसाच्या उघड्या वावरापलीकडचे गाव किती दूर आहे ते आपण सांगू शकतो. तेच गाव नाल्याच्या खोलगटीपलीकडे असेल, तर ते हटकून जवळ भासते आणि चालायला लागल्यावर पाय दुखतात. हा अनुभव खेड्यापाड्यांतून फिरलेल्या प्रत्येक पटवाऱ्याला आहे.

१६०४ साली योहान्स केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने दाखवून दिले की दृष्टिपटलावर पडणारी प्रतिमा उलटी असते. जुन्या थिओडोलाइटच्या दुर्बिणीतही सारे उलटे दिसे. शिकाऊ काळात पहिले आठ दिवस डोके गरगरले, पुढे झाड उलटे आहे हे लक्षातही येईनासे झाले. डोळा पाहतो ते वेगळे आणि आपण पाहतो ते वेगळे, याचा तो पहिला धडा होता. केप्लरने आणखी एक विचार मांडला. दोन डोळे आणि पाहायची वस्तू यांचा मिळून एक त्रिकोण होतो आणि या त्रिकोणाने आपण अंतर मोजतो. पुढे १६३७ साली फ्रान्सच्या देकार्तने याला सुरेख दृष्टांत दिला. आंधळ्या माणसाने दोन हातांत दोन काठ्या घेऊन त्यांची टोके समोरच्या वस्तूवर टेकवली, तर हातांमधले अंतर आणि काठ्यांचा कल यांवरून ती वस्तू किती दूर आहे हे त्याला न पाहताही उमगते. आपले दोन डोळे म्हणजे अशाच दोन काठ्या होत.

त्रिकोणाने अंतर मोजण्याची ही युक्ती आपल्या प्रदेशाला परकी नाही. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ एक आधाररेषा मोजायला घेतली. शंभर फुटांच्या पोलादी साखळीने साडेसात मैलांची ती सरळ रेषा मोजायला सुमारे दोन महिने लागले. त्यानंतर साखळीचे काम जवळजवळ संपले. रेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीकडे पाहायचे, कोन मोजायचे आणि गणिताने टेकडीचे अंतर काढायचे. त्या त्रिकोणाची बाजू हीच पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडीत हे काम दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत राहिले. त्याला पुढे ‘ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे’ असे नाव मिळाले. हैदराबादेहून नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे लॅम्बटनचा मृत्यू झाला. त्याची कबर तेथेच आहे. त्याचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट याने ही साखळी आपल्या पांढुर्ण्याच्या पश्चिमेकडून, वऱ्हाडातून सातपुडा ओलांडून सिरोंजपर्यंत नेली आणि १८२४-२५ मध्ये तेथे नवी आधाररेषा मोजली. सातपुड्याच्या ज्या रांगा आपण सौंसरहून पाहतो, त्यांचीच पश्चिमेकडची शिखरे या कामात खुणांसारखी उपयोगी पडली.

लॅम्बटनची आधाररेषा साडेसात मैलांची. आपल्या डोळ्यांची आधाररेषा किती? दोन बाहुल्यांमधले अंतर सरासरी सुमारे ६.३ सेंटिमीटर, म्हणजे चार बोटांपेक्षा थोडे कमी. एवढ्याशा रेषेवर आपण आयुष्यभर त्रिकोण रचीत असतो. त्याची मर्यादा किती, हे थोडे गणित केले की कळते. एका अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक विकला. चांगल्या नजरेचा माणूस दोन डोळ्यांच्या प्रतिमांमधला सुमारे २० विकलांचा फरक ओळखू शकतो असे धरू. तर एक मीटरवर त्याला दीड-दोन मिलिमीटरचे मागेपुढे कळेल. म्हणून सुईत दोरा जातो. दहा मीटरवर पंधरा-सोळा सेंटिमीटरचे कळेल. शंभर मीटरवर पंधरा-सोळा मीटरांपेक्षा कमी फरक असेल तर तो कळणारच नाही. सहा-सातशे मीटरांच्या पुढे ही आधाररेषा निकामी होते, कारण दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांत फरकच उरत नाही. अंतर दसपट वाढले की चूक शंभरपट वाढते. हा हिशेब मोजणी खात्यात कोणालाही पटवून द्यावा लागत नाही. आखूड आधाररेषेवर लांबचा त्रिकोण रचू नये, हे तेथे पहिल्याच वर्षी शिकवतात.

परंतु आश्चर्य असे की दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दिसतात हे शतकानुशतके ठाऊक असूनही ती अडचणच समजली जात होती. दोन चित्रे असूनही वस्तू एकच कशी दिसते, एवढीच चिंता विद्वानांना होती. तो फरक हाच खोलीच्या ज्ञानाचा पाया आहे, हे लंडनच्या चार्ल्स व्हीटस्टोनने १८३८ साली रॉयल सोसायटीपुढे सिद्ध केले. त्याने एकाच ठोकळ्याची दोन चित्रे काढली : एक उजव्या डोळ्याला दिसेल तसे, दुसरे डाव्या डोळ्याला दिसेल तसे. दोन आरशांच्या साहाय्याने प्रत्येक डोळ्याला त्याचे त्याचे चित्र दाखवले. आणि सपाट कागदावरच्या रेषांतून ठोकळा उभा राहिला. या यंत्राला त्याने स्टिरिओस्कोप असे नाव दिले. पुढच्याच वर्षी छायाचित्रणाची कला जगापुढे आली आणि डेव्हिड ब्रूस्टरने भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप तयार केल्यावर तो युरोपात घरोघर पोचला. आपल्या पिढीने लहानपणी ज्या व्ह्यू-मास्टरमध्ये डोळे खुपसून पाहिले, तो त्याचाच नातू.

तरीही एक शंका राहिली. मेंदू आधी वस्तू ओळखतो आणि मग तिचे अंतर काढतो, की उलट? १९६० साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतल्या बेला युलेश या हंगेरियन शास्त्रज्ञाने केवळ ठिपक्यांची दोन चित्रे संगणकाकडून काढून घेतली. प्रत्येक चित्र स्वतंत्र पाहिले तर रांगोळी सांडावी तसे निरर्थक ठिपके. फक्त एका चित्रात मधला चौकोनी भाग किंचित बाजूला सरकवलेला. दोन्ही चित्रे दोन डोळ्यांनी एकत्र पाहिली की तो चौकोन कागदापासून सुटून तरंगू लागतो. ओळखण्यासारखे काहीही नसताना मेंदूने अंतर मोजले होते. पुढे १९६७ मध्ये बर्कले येथील संशोधकांनी मांजराच्या मेंदूत दोन डोळ्यांच्या प्रतिमांतल्या ठरावीक फरकालाच प्रतिसाद देणाऱ्या पेशी असल्याचे दाखवले. केप्लरचा त्रिकोण सोडवणारे कारकून असे मेंदूत सापडले.

मग सहा-सातशे मीटरांपलीकडचे काय? आणि काकांसारख्या एका डोळ्याच्या माणसाचे काय? मेंदू एका साक्षीदारावर कधीच विसंबत नाही. पांढुर्ण्याच्या स्थानकावर उभे राहून इटारसीच्या दिशेने पाहावे. दोन रूळ दूर जाऊन एकमेकांना मिळाल्यासारखे दिसतात. सौंसरवरून जाणारी छोटी लाइन २०१५ साली बंद झाली आणि तिच्या जागी मोठी लाइन आली. त्या छोट्या लाइनचे अडीच फुटांवरचे रूळ आपल्याला शाळेच्या वयात तशीच साक्ष देत होते. संत्र्याच्या बागेत ओळीतली झाडे लहान लहान होत जातात आणि पुढचे झाड मागच्याला झाकते. कोणते जवळ, कोणते दूर, हे एका डोळ्यालाही कळते. दिवाळीच्या सुमारास पावसाने धुतलेल्या हवेत सातपुडा अंगणात आल्यासारखा वाटतो, आणि वैशाखाच्या धुळीत तोच डोंगर परक्या मुलुखात गेल्यासारखा भासतो. डोंगर हललेला नसतो. मधल्या हवेचा फिकेपणा मेंदू अंतर म्हणून वाचतो. ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणताना आपण हाच हवेचा निळा पदर पाहत असतो.

आणि एक साक्षीदार चालण्याचा. धावत्या मोटारीच्या खिडकीतून पाहिले तर रस्त्यालगतचे खांब झरझर मागे पळतात, वावरातली झाडे सावकाश सरकतात आणि डोंगर आपल्या सोबत येतात. डोके हलवले की हेच लहान प्रमाणावर घडते. एकाच डोळ्याने आधी एका जागेवरून आणि मग दुसऱ्या जागेवरून पाहिले की आधाररेषा तयार झाली. फरक इतकाच की दोन चित्रे एकाच वेळी न मिळता एकामागून एक मिळतात. काका चार पावले आडवे चालत, तेव्हा त्यांची आधाररेषा आमच्या सहा सेंटिमीटरांच्या कितीतरी पट मोठी होई. दूरच्या चांद्याच्या बाबतीत आमचे दोन डोळे त्यांच्या एका डोळ्यापुढे तोकडे पडत, याचे कारण हेच. लॅम्बटनचे सारे शास्त्र त्यांना तुरीच्या एका खुंटीने शिकवले होते.

डोळ्याची गोष्ट निघाली की आपल्या भागात गोटमारीचा उल्लेख टाळता येत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरून दगडफेक होते. या प्रथेत माणसांचे जीव गेले आहेत, डोळे गेले आहेत. तिच्या परंपरेबद्दल मी येथे वाद घालत नाही. दगड चुकवता येतो असा ज्यांना विश्वास असतो, त्यांच्यासाठी मात्र दृष्टिशास्त्रातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. बाजूने जाणारा दगड आपल्या नजरेत सरकताना दिसतो. जो दगड नेमका आपल्या डोळ्यावर येत असतो, तो सरकत नाही. तो एकाच जागी राहून फक्त मोठा होत जातो. डेव्हिड ली या शास्त्रज्ञाने १९७६ साली दाखवले की प्रतिमा किती वेगाने मोठी होते आहे, यावरून वस्तू किती वेळात येऊन आदळेल हे अंतर न कळताही ओळखता येते. परंतु दुरून येणारा दगड आधी एखाद्या ठिपक्याएवढा असतो आणि बराच वेळ वाढलेला जाणवतच नाही. शेवटच्या क्षणी तो एकदम फुगतो. त्यातच वीस दिशांनी वीस दगड येत असतील, तर सरकणाऱ्या एकोणीस दगडांकडे आपले लक्ष वेधले जाते आणि स्थिर दिसणारा विसावा दगड निसटतो. डोळा चुकवायचा दगड डोळ्यालाच सर्वांत उशिरा दिसतो, ही निसर्गाची रचना आहे. तिथे धाडसाचा काही उपयोग नाही.

मात्र दगडाने किंवा खुंटीने गेलेला डोळा सर्वांना दिसतो. काही डोळे घरात बसल्या जागी, कोणाच्या ध्यानात न येता जातात. या लेखाचे खरे प्रयोजन तेच आहे.

माझी एक चुलत बहीण लहानपणी किंचित तिरळी पाहत असे. आपल्याकडे अशी नजर भाग्याची समजतात. घरातली वडीलधारी मंडळी कौतुकाने म्हणत, “पोरगी लक्ष्मी घेऊन आली आहे.” एकदा नागपूरच्या नातलगांकडे आम्हा मुलांना व्ह्यू-मास्टर पाहायला मिळाला. प्रत्येक जण डोळे लावी आणि “बाप्पा रे!” म्हणून ओरडे, हत्ती जणू हाताला लागेल असा पुढे आलेला. तिची पाळी आली. तिने शांतपणे पाहिले, यंत्र परत दिले आणि म्हणाली, “फोटोच तर आहेत.” आम्ही तिला अरसिक ठरवून खूप हसलो. ती खरे तेच सांगत होती. तिला फोटोच दिसले होते.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या शास्त्रज्ञांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी मांजराच्या पिलांवर प्रयोग केले होते. जन्मानंतरच्या कोवळ्या आठवड्यांत पिलाचा एक डोळा झाकून ठेवला आणि नंतर उघडला, तर डोळा निरोगी असूनही मेंदू त्याच्याकडे जवळजवळ दुर्लक्ष करी. दोन्ही डोळे उघडे ठेवून केवळ तिरळे केले, तर मेंदूतल्या दोन्ही डोळ्यांचे ऐकणाऱ्या पेशी फारच थोड्या उरत. प्रत्येक पेशी एकाच डोळ्याची होऊन बसे. माणसाच्या मुलांचेही असेच आहे. दोन डोळे दोन दिशांना पाहू लागले की दुहेरी दिसू नये म्हणून मेंदू एका डोळ्याची साक्ष नाकारतो. हळूहळू तो डोळा आळशी होतो. चष्मा, चांगल्या डोळ्यावर पट्टी, गरज पडल्यास शस्त्रक्रिया, असे उपचार बालपणीच, शक्यतो सात-आठ वर्षांच्या आत झाले तर तो डोळा पुष्कळदा परत मिळतो. नंतर वाट अवघड होते. अगदी बंद होते असे मात्र आता कोणी म्हणत नाही.

याचा दिलासा देणारा पुरावा आपल्याच देशातून आला आहे. सतराव्या शतकात आयर्लंडच्या मॉलिनो याने लॉक या तत्त्वज्ञाला प्रश्न विचारला होता : जन्मांधाने स्पर्शाने गोल आणि घन ओळखायला शिकले आणि पुढे त्याला दृष्टी आली, तर तो नुसते पाहून ते ओळखील काय? अमेरिकेतील प्राध्यापक पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमात भारतातल्या जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि अशा पाच मुलांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. दृष्टी आल्याबरोबर ती मुले हाताने ओळखलेली वस्तू डोळ्याने ओळखू शकली नाहीत. परंतु थोड्याच दिवसांत त्यांची त्यात झपाट्याने प्रगती झाली. म्हणजे पाहणे हे डोळे उघडल्याबरोबर पदरात पडणारे दान नाही. ते शिकावे लागते, आणि संधी मिळाली तर उशिराही पुष्कळ शिकता येते.

माझ्या बहिणीला ती संधी आम्ही दिली नाही. दोष कोणा दवाखान्याचा नव्हता, शाळेचाही नव्हता; घराचा होता. आज ती आजी आहे. तिच्या नातीची नजर दोन वर्षांची असताना थोडी वळलेली दिसली, तेव्हा तिने कोणाचे कौतुक ऐकून घेतले नाही. पुढच्याच आठवड्यात ती मुलीला घेऊन नागपूरला गेली. नात आता शाळेत जाते, चष्मा लावते आणि अंगणात फेकलेला चेंडू दोन्ही हातांनी झेलते. बहीण मला म्हणाली, “दादा, लक्ष्मी येईल तेव्हा येईल. चेंडू तर झेलता आला पाहिजे.”

माझ्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया यथावकाश झाली. पट्टी निघाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा बशीत ओतला आणि तो बशीतच पडला. समोरच्या तुळशीची पाने एकामागे एक, सुटी सुटी उभी राहिली. ती पूर्वीही तशीच होती. मधला दीड महिना माझ्याजवळ आधाररेषा नव्हती, एवढेच.

आपण मराठी माणसे या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहत आलो. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या काळात इकडे आले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी घरात मराठी आणि कचेरीत हिंदी हा आपला क्रम कायम आहे. तरुणपणी मला ही दुहेरी अवस्था अडचणीची वाटे. व्हीटस्टोनच्या आधीच्या विद्वानांना दोन डोळ्यांतली दोन चित्रे अडचणीचीच वाटत होती. आता वाटते की दोन जागांवरून पाहण्याची सोय फार थोड्यांच्या वाट्याला येते. मात्र दोन्ही डोळे लहानपणापासून वापरात राहिले पाहिजेत. वापरात नसलेल्या डोळ्याची साक्ष मेंदू पुढे ऐकत नाही. नातवंडांची नजर तपासून घेताना, ती घरी कोणत्या भाषेत बोलतात याकडेही आपण एकदा पाहावे.

काका आता हयात नाहीत. त्यांनी दाखवलेला तो कन्हानकाठचा चांदा अजून जागेवर आहे. मध्यंतरी त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा दुरून त्याच्याकडे पाहिले. दोन्ही डोळे शाबूत असूनही मान आपसूक डावीकडे गेली, मग उजवीकडे गेली. साडेचार जरीब.